घरी व्हायोलिन रेकॉर्ड करायचंय: अकूस्टिक घ्यावं की इलेक्ट्रिक?

घरी व्हायोलिन रेकॉर्ड करायचं ठरलं की बरेच जण थेट दुकान गाठतात आणि विचारतात, "रेकॉर्डिंगला कोणतं चांगलं?" उत्तर पुष्कळदा इलेक्ट्रिक असं येतं. माइक नको, स्टँड नको, केबल लावली की झालं. हे अर्धंच खरं आहे. केबलमधून येतो तो तारेचा आणि ब्रिजचा, म्हणजे तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिचा आवाज. त्याचा व्हायोलिनसारखा आवाज पुढे कॉम्प्युटरवर घडवावा लागतो. अकूस्टिक व्हायोलिनचा आवाज घडलेलाच असतो, पण माइक त्याच्याबरोबर तुमची खोलीही रेकॉर्ड करतो. म्हणून आधी खोली तपासायची आणि मग वाद्य ठरवायचं. हा क्रम उलटला की घरात एक न वापरलेलं वाद्य पडून राहतं.

पायरी १: खोलीची परीक्षा

ज्या खोलीत आणि ज्या वेळी रेकॉर्डिंग करणार, त्याच खोलीत त्याच वेळी ही परीक्षा घ्या. पंखा बंद, खिडक्या बंद. फोन एका स्टुलावर ठेवून दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. फ्रिजची घरघर, इमारतीचा पाण्याचा पंप, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, रिक्षाचा हॉर्न. रोजच्या सवयीने कान हे सगळं गाळून टाकतो, माइक काहीच गाळत नाही. फोनचा रेकॉर्डर शांततेत आवाजाची पातळी आपोआप वाढवतो, त्यामुळे मागची मंद सरसर ऐकून निराश होऊ नका. मोजायचे ते सुटे, ठळक आवाज. दोन मिनिटांत एक-दोनच असतील तर काम होईल, कारण तेवढा तुकडा पुन्हा वाजवता येतो. दर दहा सेकंदांनी काही ना काही येत असेल, तर त्या वेळेला माइक लावण्यात अर्थ नाही.

आता खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे "टर्रर्र" अशी धातूसारखी शेपटी ऐकू आली, तर आवाज दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये चेंडूसारखा उड्या मारतोय. नुसती फरशी, मोकळ्या भिंती आणि काचेची खिडकी असलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत हे हमखास होतं. उपाय घरातच आहेत: जमिनीवर जाड सतरंजी, एकमेकींना लागून असलेल्या दोन भिंतींवर जाड गोधड्या, एका कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादी, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची उघडी दारं. गोधडी भिंतीला चिकटवण्याऐवजी दोरीवर, भिंतीपासून चार-पाच बोटं पुढे टांगली तर जास्त आवाज शोषते. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांचा काही उपयोग नाही. एक इंचाचा स्वस्त फोमही फक्त वरचे तीक्ष्ण स्वर खातो. खोलीचा घुमारा तसाच राहतो आणि व्हायोलिन मात्र कोंदट वाटायला लागतं.

हे सगळं करून पुन्हा टाळी वाजवा. शेपटी गेली असेल आणि दिवसातून सलग दोन तास शांतता मिळत असेल, तर अकूस्टिकचा मार्ग मोकळा आहे. शांत वेळ फक्त रात्री अकरानंतर मिळत असेल तर शेजाऱ्यांचाही विचार करा. अकूस्टिक व्हायोलिनचा आवाज वादकाच्या डाव्या कानापाशी साधारण ८५ ते ९५ डेसिबल भरतो आणि पातळ भिंतीतून तो सहज पलीकडे जातो.

पायरी २: वाजवणार काय?

ख्याल, भावगीत, नाट्यपद, भजन, जुन्या गाण्यांचं एकल वादन यांत व्हायोलिनने गळ्याची जागा घ्यायची असते. मींड कुठे सुरू झाली, गज कुठे हलका झाला, शब्द कुठे सुटला हे सगळं ऐकू यावं लागतं. पं. डी. के. दातार किंवा प्रभाकर जोग यांचं वादन ऐकून ज्यांचा कान घडलाय, त्यांना लाकडाचा आवाजच हवा असतो, आणि तो अकूस्टिकमधून माइकनेच मिळतो. इथे आमचं मत स्पष्ट आहे: खोली साथ देत असेल तर दुसरा विचार करू नका.

इलेक्ट्रिक खरंच सरस ठरतं ते वेगळ्या कामांत. बँडबरोबर ड्रम आणि गिटारच्या शेजारी बसून एकत्र रेकॉर्डिंग करायचं असेल, तर माइकमध्ये सगळ्यांचा आवाज शिरतो, पिकअपमध्ये, म्हणजे वाद्यावर बसवलेल्या कंपन टिपणाऱ्या भागात, जवळपास नाही. डिले, डिस्टॉर्शन, वाह, लूपर अशा इफेक्टना स्वच्छ, कोरडा सिग्नल लागतो. शिवाय पाच तारांचं इलेक्ट्रिक घेतलं तर खाली १३१ हर्ट्झचा, म्हणजे हार्मोनियमच्या पांढरी एकचा मंद्र स्वर मिळतो. चार तारांचं व्हायोलिन प्रचलित मिळणीत (तारा स्वरात लावण्याच्या पद्धतीत) १९६ हर्ट्झच्या खाली जात नाही. रात्री दोन वाजता हेडफोन लावून ट्रॅक करता येतो, हा तर मोठाच फायदा. मात्र "सायलेंट" या नावावर जाऊ नका. यामाहाने १९९७ मध्ये सायलेंट व्हायोलिन बाजारात आणलं तेव्हापासून हा शब्द रूढ झाला, पण अशा वाद्याच्या तारांचा बारीक आवाज खोलीत येतोच. शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना त्रास होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तीन-चार वेळा वाजवून वाद्यवृंदासारखा थर रचायचा असेल तर अकूस्टिक घ्या. दर वेळी खुर्ची फूटभर सरकवली, माइक थोडा हलवला, जमलं तर दुसरा गज वापरला की प्रत्येक थराचा पोत वेगळा येतो. इलेक्ट्रिकचे चार थर मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखे एकमेकांवर बसतात आणि आवाज कीबोर्डसारखा होतो.

पायरी ३: फरक नेमका कुठून येतो

हे समजलं की पुढची अर्धी चिडचिड वाचते. अकूस्टिक व्हायोलिनमध्ये तारेचं कंपन ब्रिजमधून वरच्या पाटीत जातं आणि साउंडपोस्टमार्गे (आतल्या उभ्या लाकडी दांडीतून) मागच्या पाटीत. पेटीतली हवा साधारण २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि खालच्या स्वरांना ऊब देते. दोन ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आणखी एक उठाव असतो, त्यामुळे व्हायोलिन गर्दीतही उठून दिसतं. शिवाय प्रत्येक स्वर वेगळ्या दिशेला वेगळ्या प्रमाणात फाकतो. हे सगळं मिळून आपण ज्याला व्हायोलिनचा आवाज म्हणतो तो तयार होतो.

इलेक्ट्रिकमध्ये ब्रिजमध्ये किंवा ब्रिजखाली पिझो स्फटिकाची चकती असते. ती दाबातला बदल विजेत रूपांतरित करते. तिला ना हवा ऐकू येते, ना पाटी, ना खोली. म्हणून कच्चा आवाज नाकातून आल्यासारखा आणि गजाच्या घर्षणाने भरलेला वाटतो. वाद्य खराब आहे असं समजून ते परत करू नका. महागातल्या वाद्याचा कच्चा आवाजही बराचसा असाच असतो.

पायरी ४: इलेक्ट्रिक निवडलंत तर

सर्वांत जास्त घोटाळा जोडणीत होतो, म्हणून इथे थोडं थांबू. आपलं वाद्य ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह ते आधी पाहा. ज्यात बॅटरी बसते ते ॲक्टिव्ह, म्हणजे आत प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) आहे. बॅटरीची जागाच नसेल तर ते बहुधा पॅसिव्ह.

पॅसिव्ह पिझोला फार जास्त इम्पीडन्सचा (विद्युत अवरोधाचा) इनपुट लागतो, १ मेगाओहम किंवा त्याहून वर. ऑडिओ इंटरफेसवर (वाद्य किंवा माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) "इन्स्ट" किंवा "हाय-झी" असं बटण असतं, तेच दाबायचं. हिशेब सोपा आहे. पिकअपची विद्युत धारिता (कपॅसिटन्स) १ नॅनोफॅरड धरली, तर १ मेगाओहमच्या इनपुटवर साधारण १६० हर्ट्झच्या खालचा भाग कमी होतो, म्हणजे व्हायोलिनचा पट्टा शाबूत राहतो. तीच केबल १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली की ही सीमा १६,००० हर्ट्झवर जाते आणि तिच्या खाली सगळंच उतरत जातं. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो तो यामुळे. डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवणारी डबी) वापरणार असाल तर ॲक्टिव्ह प्रकारचा घ्या. ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या डीआयचा इम्पीडन्स पिझोला पुरत नाही.

ॲक्टिव्ह वाद्याला लाइन इनपुट चालतो. स्वस्तातल्या वाद्यांवर हेडफोनचं आणि लाइनचं अशी दोन भोकं असतात. लाइनचंच वापरा. हेडफोनचं भोक स्टिरिओ असतं. त्यात साधा मोनो जॅक घातला की एक बाजू शॉर्ट होते आणि आवाज खरखरतो किंवा फाटतो. ९ व्होल्टची बॅटरी उतरत आली की वाद्य बंद पडत नाही, आधी जोरकस स्वर फाटायला लागतात. गजाचा दोष समजून लोक तासभर रियाज करत बसतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी नवी बॅटरी घाला आणि वादन संपलं की केबल काढून ठेवा, कारण बऱ्याच वाद्यांत जॅक घातला की बॅटरी सुरू होते.

पुढचं काम असं करा:

१. इंटरफेसचा गेन (आत येणारा आवाज वाढवण्याचं बटण) शून्यावर ठेवून केबल लावा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. व्हिडिओसाठी हाच दर लागतो.

२. तुकड्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवा आणि आवाजाची सर्वांत उंच टोकं मीटरवर उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास येतील इतपत गेन वाढवा. प्रत्यक्ष वादनात माणूस चाचणीपेक्षा जोरात वाजवतो, तेवढी जागा हवीच.

३. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सँपल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला याचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद होतो. इंटरफेसचा स्वतःचा उशीर धरूनही तो सहसा जाणवत नाही. कॉम्प्युटर अडखळत असेल तर बफर वाढवून इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (कॉम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये येणारा आवाज) वापरा.

४. हेडफोनमध्ये थोडा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) ऐकत वाजवा, पण रेकॉर्ड होऊ द्या तो कोरडाच आवाज. अगदी कोरड्या आवाजात वाजवलं की गज नकळत दाबला जातो आणि स्वर आखडतात.

५. "घूं" असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. तो थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. तेवढा वेळ बॅटरीवर काम करा आणि घरातला तीन पिनांचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. चार्जरची अर्थिंगची पिन तोडणं हा उपाय धोकादायक आहे.

आता आवाज घडवणं. आधी इक्वलायझरने नको ते कापा. खालच्या तारेच्या वारंवारतेच्या साधारण पाऊण पटीवर हाय-पास (खालचे आवाज गाळणारा फिल्टर) लावा: १९६ हर्ट्झची तार असेल तर १५० च्या आसपास, तार खाली उतरवली असेल तर त्या हिशेबाने कमी. मग अडीच ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान रुंद पट्ट्यात ३ ते ५ डीबी कमी करा. नाकातला आवाज बहुतेक इथेच असतो. आठ हजारांच्या वर उतार द्या, गजाची खसखस बसते. २८० ते ५०० मध्ये १-२ डीबी वाढवून ऊब येते का ते पाहा. एवढ्याने भागलं नाही, तर व्हायोलिनच्या पेटीचा इम्पल्स रिस्पॉन्स कन्व्होल्यूशन प्लगइनमध्ये लावा. एखाद्या खऱ्या पेटीचं घुमणं या छोट्या ध्वनिफितीत मोजून ठेवलेलं असतं, आणि इलेक्ट्रिकला लाकडाच्या सर्वांत जवळ नेणारा मार्ग हाच. त्याचं प्रमाण निम्म्यापासून सुरू करा. शेवटी दीड सेकंदाच्या आसपासचा रिव्हर्ब, २० ते ३० मिलिसेकंद प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) ठेवून. 

पिझोला स्पर्शाचे आवाजही फार ऐकू येतात: शर्टाचं बटण, चिनरेस्टवरचा दाढीचा खुंट, बोट आपटणं, हलणारी केबल. केबल खांद्यावरून मागे टाकून कपड्याला क्लिपने अडकवा. आणि राळ नेहमीच्या निम्मी लावा.

पायरी ५: अकूस्टिक निवडलंत तर

माइक कंडेन्सर घ्या. ऑडिओ-टेक्निका एटी२०२०, रोड एनटी१ किंवा एनटी५ यांच्यासारखा कोणताही चालेल. त्याला इंटरफेसवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. शूअर एसएम५७ हाताशी असेल तर त्यानेही सुरुवात करता येते, मात्र त्याला गेन पुष्कळ लागतो आणि वरचे स्वर थोडे बोथट येतात. ज्याचं व्हायोलिन फार चिरकं आहे त्याला हा बोथटपणा उपयोगीच पडतो. रिबन माइक व्हायोलिनला फार गोड लागतो, पण साध्या रिबनला फँटम पॉवर देऊ नका, चुकीच्या केबलने त्याची पट्टी खराब होऊ शकते.

माइकची जागा हा या कामाचा गाभा आहे. माइक बदलून जितका फरक पडतो त्याहून जास्त तो हातभर हलवून पडतो. उभं राहून किंवा खुर्चीवर वाजवत असाल तर वाद्याच्या वर ६० ते ९० सेंटिमीटरवर, थोडा पुढे, ब्रिजकडे रोखून माइक लावा. ३० सेंटिमीटरच्या आत आला की गजाची खरखर, श्वास आणि एकाच एफ होलचा (पाटीवरच्या एफ आकाराच्या छिद्राचा) आवाज वरचढ होतो. दीड मीटरच्या पलीकडे गेला की लहान खोली ऐकू येते, व्हायोलिन कमी. छत नऊ-दहा फुटांवर असेल तर माइक छतापासून किमान तीन फूट खाली राहू द्या, नाहीतर छतावरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून पोकळपणा येतो. तेवढी जागा मिळत नसेल तर बसून वाजवा.

मांडी घालून, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकवून वाजवणाऱ्यांसाठी हे माप बदलतं. या बैठकीत वाद्याची पाटी समोर पाहते. माइक समोर साधारण ७० सेंटिमीटरवर, जमिनीपासून ७५ ते ९० सेंटिमीटर उंचीवर ठेवा आणि किंचित खाली, ब्रिजकडे झुकवा. जमीन जवळ असल्याने खाली सतरंजी आणि तिच्यावर गोधडी हवीच. गज बाहेर येतो त्या रेषेत स्टँड येणार नाही याची खात्री पूर्ण गज ओढून करा.

जागा ठरवायला एकच ओळ तीन जागांहून ३०-३० सेकंद रेकॉर्ड करा: जवळून, मधून, लांबून. ऐकताना तिन्हींची पातळी सारखी करून घ्या. जे मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, आणि जवळची जागा उगाच जिंकते. एक ठरवली की स्टँडच्या पायांभोवती आणि बसण्याच्या जागेभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा. गेन इथेही टोक उणे १२ डीबी येईल असाच.

तानपुरा किंवा क्लिक ट्रॅक (लयीचे ठोके) स्पीकरवर लावू नका, बंद कपाचा हेडफोन वापरा. स्वतःचं वाद्य ऐकू यावं म्हणून डावा कान मोकळा ठेवायचा असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये डाव्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करा. नाहीतर त्या उघड्या कपातून तानपुरा माइकमध्ये गळतो आणि नंतर तो काढता येत नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी वाद्याचे बारीक आवाज शोधा. सैल फाइन ट्यूनर (तार सूक्ष्म लावायचा स्क्रू) एखाद्याच स्वराला "जर्र" करतो. खांद्याच्या रेस्टचा स्क्रू, चिनरेस्टची पकड, तारेच्या टोकाला वेढलेली सुटी दोऱ्याची गुंडाळी, टेलपीसला (तारा अडकवायच्या पट्टीला) टेकलेला चिनरेस्ट, हे नेहमीचे गुन्हेगार. पाटीच्या कडेने बोटाच्या पेराने हलकं टिचकी मारत जा. एखाद्या जागी पोचट, थरथरता आवाज आला तर तिथे सांधा सुटलाय. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे वारंवार होतं, खुंट्याही फुगून अडकतात. विदर्भात उन्हाळ्यात उलटं: खुंट्या घसरतात आणि लाकूड तडकू शकतं. कूलरच्या झोतात वाद्य ठेवू नका. वाद्य ठेवायच्या केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ६० टक्क्यांत राखायचा प्रयत्न करा. सांधा सुटला तर फेविकॉल लावू नका. हे काम गरम सरसाचं आणि कारागिराचं आहे, कारण सरस पुढच्या वेळी उकलता येतो.

मिळणी आणि तारा

हिंदुस्थानी पद्धतीत तारा सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा लावतात. पांढरी पाचचा सा घेतला, तर खालच्या दोन तारा आहेत तशाच राहतात आणि वरच्या दोन एकेक स्वर उतरवाव्या लागतात. इतका बदल अकूस्टिक सहज सोसतं. इलेक्ट्रिकमध्ये मात्र तार सैल झाली की पिकअपवरचा दाब बदलतो आणि चार तारांची पातळी एकसारखी राहत नाही. उतरवलेल्या तारा दबक्या येतात. म्हणून इलेक्ट्रिक विकत घेताना ते आपल्या मिळणीत लावून ऐका. दुकानातल्या मिळणीत सगळं छानच वाटतं.

नवीन सिंथेटिक तारा तीन ते पाच दिवस ताणत राहतात. रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी तारा बदलल्या की दर पाच मिनिटांनी सूर उतरतो. आठवडाभर आधी बदला आणि रोज वाजवा. स्टीलच्या तारा एका दिवसात बसतात आणि इलेक्ट्रिकवर सर्रास वापरल्या जातात. अकूस्टिकवर माइकसमोर मात्र त्या अनेकदा तीक्ष्ण वाटतात.

मधला मार्ग: अकूस्टिकलाच पिकअप

अकूस्टिक हाताशी आहे, खोली साथ देत नाही, आणि दुसरं वाद्य घ्यायचं नाही, अशांसाठी ब्रिजला अडकवायचा पिझो पिकअप मिळतो. फिशमन व्ही-१०० हा त्यातला परिचित. त्यालाही वर सांगितलेला इम्पीडन्सचा नियम लागू. आवाज इलेक्ट्रिकपेक्षा थोडा भरीव येतो, पण माइकची बरोबरी होत नाही. डीपीए ४०९९ सारखा वाद्याला अडकवायचा क्लिप माइक त्याहून खूप सरस, किंमतही तशीच.

पिकअप आणि माइक दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले तर एक गोष्ट विसरू नका. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. माइक ६० सेंटिमीटरवर असेल तर त्याचा ट्रॅक पिकअपच्या मागे सुमारे पावणेदोन मिलिसेकंद, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ८४ सँपल असतो. दोन्ही तसेच मिसळले की आवाज पोकळ होतो. माइकचा ट्रॅक तेवढा पुढे ओढा, मग फेज उलटं करणारं बटण दोन्ही स्थितींत ऐका आणि जी भरीव लागेल ती ठेवा. माइक मुख्य, पिकअप त्याच्या १० डीबी खाली, हे प्रमाण सुरुवातीला चांगलं.

पायरी ६: पैसे आणि खरेदी

अकूस्टिकसाठी एकूण रकमेचा अर्धा भाग वाद्य, तारा आणि ब्रिज-साउंडपोस्ट नीट बसवून घेण्यावर, उरलेला माइक, स्टँड, इंटरफेस आणि हेडफोन यांवर, अशी वाटणी ठेवा. महाग माइकसमोर नीट न बसवलेलं वाद्य वाजवलं तर त्याचे दोषच जास्त स्वच्छ ऐकू येतात. इलेक्ट्रिकमध्ये माइक-स्टँड वाचतात, पण इंटरफेस आणि हेडफोन लागतातच, आणि आवाज घडवण्यात जाणारा वेळ हाही खर्चच आहे.

दुकानात आपला हेडफोन आणि जमलं तर आपला इंटरफेस घेऊन जा. इलेक्ट्रिकची चारही तार एकाच दाबाने मोकळी ओढा. एखादी मागे पडत असेल तर ब्रिज किंवा पिकअप नीट बसलेला नाही. गज न लावता आवाज वाढवून मागची सरसर ऐका. जॅक हलकाच हलवा. "खट्खट्" आली तर ते वाद्य घेऊ नका. मग दहा मिनिटं सलग खांद्यावर धरा: अकूस्टिक ४०० ते ५०० ग्रॅमचं असतं, पुष्कळ इलेक्ट्रिक त्याहून जड आणि त्यांचा तोल पुढे झुकलेला असतो. तो फरक पाचव्या मिनिटाला मानेत कळतो. अकूस्टिकमध्ये सांधे, खुंट्या आणि बोटपट्टीचं सरळपण पाहा, आणि सर्वांत खालच्या तारेवर वरच्या जागेत एकेक स्वर लांब ओढा. एखादा स्वर अडखळत, गुरगुरत येत असेल तर त्याला वुल्फ म्हणतात. माइकसमोर तो लपत नाही.

निर्णय तरीही होत नसेल, तर जवळच्या स्टुडिओत एक तास घ्या, अकूस्टिक आणि कुणाचं तरी इलेक्ट्रिक दोन्ही तिथे वाजवा आणि कच्च्या फाइल घरी आणून आपल्याच स्पीकरवर ऐका. इलेक्ट्रिकच्या कच्च्या फाइलवर वर सांगितलेलं काम केल्याशिवाय तुलना करू नका.

कामाला सुरुवात केल्यावर एक वही ठेवा. माइकचं अंतर आणि उंची, गेनच्या बटणाची जागा, तारा कधी बदलल्या, मिळणी कोणती, बॅटरी कधी घातली, गोधड्या कुठे टांगल्या होत्या. पंधरा दिवसांनी एकच ओळ पुन्हा वाजवायची वेळ येते, आणि तेव्हा जुन्या ट्रॅकशी जुळणारा आवाज या नोंदींवरूनच परत मिळतो.